नैनीतालचे नाले : डोंगरउतारावरील वस्ती, पर्जन्य आणि निचरा

१. विषयप्रवेश

हिमालयातील गिरिस्थानांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः राज्यकर्त्यांचे उन्हाळी वास्तव्य, तेथील शाळा, क्लब आणि चर्चे यांकडे वेधले जाते. ही सारी वस्ती ज्या उतारांवर उभी राहिली ते उतार पावसाळ्यात जागच्या जागी राहावेत म्हणून काय करावे लागले, हा प्रश्न बांधकाम खात्याचा समजून बाजूस ठेवण्यात येतो. वस्तुतः डोंगरावरील वस्तीच्या दृष्टीने याहून मूलभूत प्रश्न दुसरा नाही. घराचे छप्पर कितीही भक्कम असले आणि जोते कितीही खोल घातलेले असले, तरी ज्या मातीवर ते जोते टेकले आहे ती मातीच पाण्याने सुटू लागली, तर घरधन्याच्या हाती फारसे काही उरत नाही. संकटाचा उगम त्याच्या अंगणाबाहेर, बहुधा त्याच्या वर राहणाऱ्या शेजाऱ्याच्या अंगणात असतो.

कुमाऊँमधील नैनीताल हे या प्रश्नाचे अत्यंत बोधप्रद उदाहरण होय. १८८० साली या नगराने दरडीचा भीषण आघात सोसला आणि त्यानंतर उतारांवरील पाण्याला वाट करून देणारे नाल्यांचे जाळे तेथे बांधण्यात आले. त्या जाळ्याच्या निर्मितीचा आणि पुढील अवस्थेचा इतिहास पाहिला असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, उतारावरील घराचे संरक्षण मुख्यतः घराच्या भिंतींबाहेर, सामाईक निचऱ्याच्या व्यवस्थेत असते. दुसरी, अशी व्यवस्था बांधण्याचे श्रेय एका पिढीला मिळाले, तरी ती टिकवण्याचे कर्तव्य प्रत्येक पिढीकडे नव्याने येते. आणि या दुसऱ्या कर्तव्याची नोंद इतिहासात क्वचितच होते.

२. स्थळ आणि वस्ती

नैनीताल समुद्रसपाटीपासून सुमारे ६,४०० फूट उंचीवर आहे. मध्यभागी तलाव आणि त्याच्याभोवती डोंगरांचा खोलगट कडा, अशी या स्थळाची रचना आहे. तलावाच्या वायव्येकडील भागास मल्लीताल व आग्नेयेकडील भागास तल्लीताल म्हणतात. ‘मल्ला’ म्हणजे वरचा आणि ‘तल्ला’ म्हणजे खालचा, हा कुमाऊँनी भाषेतील भेद पाण्याच्या वाहण्यावरूनच पडला आहे. तल्लीतालच्या टोकाशी तलावाचे जादा पाणी बाहेर पडते व बलिया नाल्याच्या दरीतून खाली उतरते.

तलावाच्या दोन्ही बाजूंचे डोंगर सारख्या घडणीचे नाहीत. नैर्ऋत्येकडील अयारपाटा डोंगर प्रामुख्याने चुनखडी व डोलोमाइट या खडकांचा आहे. त्याच्या भेगांतून पाणी आत मुरते, पण खडक तुलनेने दृढ आहे. ईशान्येकडील शेर-का-डांडा आणि त्याला लागून असलेला आल्मा यांचे उतार मुख्यतः ठिसूळ पाटीच्या खडकांचे असून त्यांवर सुट्या मातीचा व दगडगोट्यांचा जाड थर आहे. शिवाय तलावाच्या लांबीला अनुसरून भूस्तरातील एक विभंग गेलेला आहे. वर्षाकाठी नव्वद ते शंभर इंच पाऊस झेलणाऱ्या अशा स्थळी दक्षिणाभिमुख, उन्हाचा आणि तलावाच्या दर्शनाचा लाभ देणारा उतारच अधिक धोक्याचा असावा, हा केवळ दैवयोग होता. पण वस्तीची दाटी नेमकी तेथेच झाली.

शाहजहानपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन याच्या लेखनामुळे १८४१ पासून या स्थळाची प्रसिद्धी झाली. १८४५ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली आणि १८६२ पासून वायव्य प्रांताच्या सरकारचे उन्हाळी ठाणे तेथे आले. वस्ती वाढू लागली, तसे उतार खणून सपाट जागा तयार करण्यात आल्या. डोंगर कोरून मागे उभी कड आणि पुढे भर टाकलेले अंगण, ही गिरिस्थानांतील घरांची सर्वसामान्य पद्धत होती. तिच्यात दोन दोष असतात. मागची कड आधारावाचून राहते, आणि पुढची भर सैल असल्याने छपराच्या पागोळ्यांचे पाणी तिच्यात झपाट्याने मुरते. एकट्यादुकट्या घरापुरता हा दोष सोसवतो. तोच संबंध उतारभर पसरला, म्हणजे डोंगराच्या अंगावर पाणी आत घेणारी शेकडो तोंडे उघडतात.

३. १८८० ची दरड

आल्मा डोंगराच्या बाजूस १८६६ मध्येच दरड कोसळली होती आणि पुढेही तेथील उतार ढासळत होता. तेव्हा १८८० ची घटना पूर्वसूचनेवाचून घडली, असे म्हणता येत नाही. त्या वर्षी सप्टेंबरच्या १६ तारखेच्या सुमारास पावसाने जोर धरला. शनिवार, १८ सप्टेंबरपर्यंतच्या चाळीस तासांत निदान २० इंच, तर काही अंदाजांनुसार ३५ इंचांपर्यंत पाऊस पडला. या आकड्यांतील तफावत मोठी आहे. तथापि खालचा आकडा स्वीकारला तरी, वर्षाच्या पावसाचा सुमारे पाचवा हिस्सा दोन दिवसांहून कमी अवधीत पडला, असे ठरते.

त्या शनिवारी सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागील उताराचा काही भाग सुटला व त्याखाली माणसे गाडली गेली. त्यांना बाहेर काढण्यासाठी मुलकी अधिकारी, सैनिक आणि मजूर यांची पथके कामाला लागली. त्याच वेळी डोंगरावरून पाण्याचे लोट खाली येत होते. हॉटेल, त्याखालील दुकान, स्वयंसेवक दलाची कचेरी आणि नैनादेवीचे मंदिर या ठिकाणी लोक ते प्रवाह दुसरीकडे वळवण्याची शिकस्त करीत होते. दुपारी वरचा संपूर्ण उतार एकदम निसटला. काही क्षणांत हॉटेल नाहीसे झाले, दुकान व मंदिर उद्ध्वस्त झाले आणि सभागृहाचा भाग तलावात लोटला गेला. मृत व बेपत्ता यांची संख्या १५१ भरली. त्यांपैकी १०८ भारतीय आणि ४३ युरोपीय होते.

या घटनेतील एक तपशील इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. सकाळी गाडल्या गेलेल्यांच्या मदतीला धावलेले आणि पाणी वळवण्यासाठी झटणारे लोकही मृतांत होते. पाणी वळवले पाहिजे हे त्या लोकांना उमगले नव्हते, असे नाही. त्यांचा उपाय योग्यच होता. परंतु तो भर पावसात, उतार आधीच भिजून फुगलेला असताना आणि हाती कुदळ-फावड्यांपलीकडे साधन नसताना योजण्यात आला. नैनीतालने पुढे जे केले ते याच उपायाला पावसापूर्वीचे, दगडी आणि कायमचे रूप देण्याचे काम होते.

आणखी एका विषमतेची नोंद करणे अगत्याचे आहे. येथील सेंट जॉन चर्चमधील पितळी पाटीवर युरोपीय मृतांची नावे कोरलेली आहेत. भारतीय मृत मात्र, संख्येने अडीचपट असूनही, घटनेच्या रूढ वृत्तांतांत एका आकड्याच्या रूपानेच येतात. उतारावर मजुरी करणारे, हॉटेलात व घरांत चाकरीस असलेले आणि बचावासाठी बोलावले गेलेले हे लोक होते. उतारावरील घर कोणाचे आणि त्याच्या रक्षणार्थ जीव कोणाचा गेला, हे दोन प्रश्न येथे एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

४. कारणमीमांसा आणि उपाय

दुर्घटनेनंतर झालेल्या चर्चेत उताराची नैसर्गिक दुर्बलता आणि अतिवृष्टी यांच्या जोडीला मानवी कारणांचीही गणना झाली. घरांसाठी खणलेल्या जागांवर पाण्याच्या निचऱ्याची पुरेशी सोय नव्हती. भेगा, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या आणि उकरलेली माती यांतून पाणी डोंगराच्या पोटात शिरले, असे प्रतिपादन करण्यात आले. त्याच दिवशी भूकंपाचा हलका धक्का जाणवल्याचाही उल्लेख आढळतो. पण पाण्याने जर्जर झालेल्या उतारास तो केवळ निमित्त झाला असावा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या तज्ज्ञांनी या विषयाचा जो पाठपुरावा केला त्याचा क्रम अर्थपूर्ण आहे. आर. डी. ओल्डहॅम यांचे १८८० चे टिपण त्या एका दरडीपुरते होते. १८९० मध्ये सी. एस. मिडलमिस यांनी नैनीतालच्या भूरचनेचे वर्णन करताना पर्वतीय उतारांच्या नैसर्गिक स्थितीचा सर्वसाधारण विचार मांडला. टी. एच. हॉलंड यांचा १८९७ चा अहवाल तर नगराभोवतीच्या सर्वच उतारांच्या स्थैर्याविषयी आहे. सतरा वर्षांत अभ्यासाचा विषय कोसळलेल्या उताराकडून अद्याप उभ्या असलेल्या उतारांकडे सरकला. आपत्तीचे वर्णन करणाऱ्या शास्त्राचे आपत्तीचे निवारण करू पाहणाऱ्या शास्त्रात झालेले हे रूपांतर होय.

प्रत्यक्ष उपाय दोन प्रकारचे होते. पहिला नियमनाचा : बांधकामाचे नियम कडक करण्यात आले आणि उतारावरील घर ही केवळ मालकाची खाजगी बाब राहिली नाही. दुसरा उपाय निचऱ्याचा. सभोवतालच्या डोंगरांवर टप्प्याटप्प्याने साठाहून अधिक लहानमोठे नाले बांधण्यात आले व ते तलावापर्यंत आणून सोडण्यात आले.

या नाल्यांचे तंत्र वरकरणी साधे आहे. उताराच्या माथ्यावर आडवे चर काढले, की वरून येणारे पाणी खालच्या सैल मातीत शिरण्यापूर्वीच अडते. चरांतील पाणी दगडी बांधणीच्या उभ्या नाल्यांत येते. उभ्या नाल्यात पाण्याचा वेग वाढून तळ उखडण्याची भीती असते. म्हणून तळाला पायऱ्या देतात, जेणेकरून प्रत्येक पायरीवर पाण्याचा जोर मोडतो. घरांची अंगणे, छपरे आणि रस्ते यांवरील पाणी लहान उपनाल्यांनी मुख्य नाल्यास मिळते. तलावाजवळ पाण्याबरोबर आलेला गाळ व दगड अडवण्यासाठी कुंड्या असतात व त्या वरचेवर उपसाव्या लागतात. आधारभिंती जेथे बांधाव्या लागतात तेथे त्यांत निचऱ्याची छिद्रे ठेवावी लागतात; अन्यथा भिंतीमागे पाणी तुंबून तिलाच पुढे ढकलते. माती थोपवण्यासाठी उभारलेली भिंत पाण्याला वाट न दिल्यास धरणाचे काम करू लागते, आणि त्या कामासाठी ती बांधलेली नसते.

हे तंत्र का यशस्वी होते याचे शास्त्रीय विवरण बरेच नंतर उपलब्ध झाले. कार्ल तेर्झागी यांनी १९२५ मध्ये मृत्तिकायांत्रिकीचा पाया घातला. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढला, की कणांचा परस्परांवरील दाब व त्यामुळे होणारे घर्षण घटते, हे त्यांच्या सिद्धांतावरून स्पष्ट झाले. उतार मुख्यतः या घर्षणाच्या बळावर उभा असतो. पावसाने मातीचे वजन वाढते हे खरे. पण अधिक घातक गोष्ट ही, की ते वजन पेलणारी पकड त्याच वेळी ढिली होते. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांपाशी ही परिभाषा नव्हती. तरीही पाणी मातीत शिरण्यापूर्वीच काढून न्यावे, हा त्यांचा निष्कर्ष पुढील शास्त्राने खराच ठरवला.

५. व्यवस्थेच्या मर्यादा

नाल्यांनी सर्व प्रश्न मिटवले, असा समज करून घेणे युक्त होणार नाही. पुढील दोन प्रकरणांतून त्यांच्या मर्यादा दिसून येतात.

पहिले प्रकरण खुद्द सरकारी निवासस्थानाचे. प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांसाठी शेर-का-डांडा डोंगरावर १८७९ च्या सुमारास निवासस्थान सिद्ध झाले होते. डोंगर सावकाश सरकत असल्याने इमारतीस तडे गेले आणि १८९५ च्या सुमारास ती सोडून द्यावी लागली. नवे निवासस्थान १८९७ ते १९०० या काळात अयारपाटा बाजूच्या अधिक दृढ जमिनीवर उभारण्यात आले. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हेच त्याचे वास्तुकार होत. अचानक कोसळणाऱ्या दरडीवर वरच्या पाण्याचा निचरा हा उपाय चालतो. खोलवरून चाललेल्या मंद सरकण्यापुढे तो अपुरा पडतो, व तेथे जागा सोडणे हाच मार्ग उरतो. सरकारला तो मार्ग मोकळा होता. त्याच डोंगरावरील सामान्य रहिवाशास तो परवडण्याजोगा नव्हता.

दुसरे प्रकरण बलिया नाल्याचे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये या दरीतील कैलाखान येथे मोठी दरड कोसळून मद्याचा कारखाना नष्ट झाला व २८ माणसे मरण पावली. येथे संकटाची दिशा उलटी होती. तलावातून बाहेर पडणारा प्रवाह दरीचा तळ कोरतो, त्यामुळे उताराचा पायथा झिजतो आणि वरची जमीन आधार सुटून खाली येते. डोंगराच्या माथ्यावरून सुखरूप उतरवलेले पाणी नगराबाहेर सोडून दिले, म्हणजे जबाबदारी संपत नाही. ते पुढे कोठे आणि कोणत्या वेगाने जाते याचाही विचार करावा लागतो. १९२७ मध्ये डोंगरउतारांची सुरक्षितता आणि बलिया दरी यांसाठी जी समिती नेमण्यात आली, तिच्या नावातच हे दोन्ही विषय एकत्र आले आहेत. १९२४ मध्ये आल्माच्या बाजूस पुन्हा झालेल्या पडझडीची पार्श्वभूमीही तिला होती.

येथे तलावाचे स्थान ध्यानात घेणे अवश्य आहे. नगराच्या पिण्याच्या पाण्याची मदार फार मोठ्या प्रमाणावर याच तलावावर आहे. उतारांचे रक्षण करणारे नालेच तलावाचे भरण करतात. ते स्वच्छ असतील तर डोंगर टिकतो आणि तलावही भरतो. ते घाण व बांधकामाचा राडारोडा वाहू लागले, तर एकाच दोषाने घर आणि पाणी दोन्ही धोक्यात येतात.

६. देखभालीचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर काळात नैनीतालवरील वस्तीचा भार सतत वाढत गेला. २००० साली उत्तराखंड राज्याच्या स्थापनेबरोबर उच्च न्यायालयही तेथे आले. पर्यटन वाढले, तशी बांधकामेही वाढली. काही नाल्यांवर अतिक्रमणे झाली, काहींत सांडपाणी मिसळले, तर काही राडारोड्याने भरले. इतिहासाचे प्राध्यापक अजय रावत यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर १९९५ मध्ये न्यायालयाने नगरातील अनिर्बंध बांधकामांविरुद्ध निर्देश दिले. नगराच्या भवितव्याचा प्रश्न एका इतिहाससंशोधकाने न्यायालयापुढे न्यावा, ही गोष्ट या विद्याशाखेच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

पुढील घटनांतून जुन्याच दुखण्याची लक्षणे दिसतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तलावाकाठच्या लोअर मॉल रस्त्याचा काही भाग खचून तलावात गेला. बलिया नाल्याच्या कडा ढासळत राहिल्याने तेथील कुटुंबांना घरे सोडावी लागली. २०२१ च्या ऑक्टोबरमधील अतिवृष्टीत तलाव काठ ओलांडून रस्त्यांवर आला. या प्रत्येक घटनेची कारणे स्वतंत्रपणे तपासावी लागतील आणि साऱ्यांचे खापर तुंबलेल्या नाल्यांवर फोडणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तथापि १८८० नंतर जे ज्ञान इतकी किंमत मोजून मिळाले, ते नियमांत आणि दगडी बांधकामात शिल्लक असूनही आचरणातून निसटत गेले, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

सह्याद्रीच्या अभ्यासकांनीही या इतिहासाची दखल घेणे उचित होईल. आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४), महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१) आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडींनी वस्त्याच्या वस्त्या गिळल्या. सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा, त्यावरील मातीची घडण निराळी, आणि या वस्त्याही गिरिस्थाने नसून शेतकरी व आदिवासी यांची लहान गावे. म्हणून नैनीतालचे नाले जसेच्या तसे तेथे नेता येणार नाहीत. परंतु झिजलेल्या खडकावरील सुट्या मातीत थोड्या वेळात अतोनात पाणी शिरणे हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. फरक पडतो तो साधनांत. नैनीतालच्या पाठीशी राजसत्ता, भूवैज्ञानिक आणि खजिना होता, आणि तरीही तेथील व्यवस्था उभी राहण्यास १५१ जीव जावे लागले. ज्या वाड्यांपाशी यांपैकी काहीच नाही, त्यांच्या उतारांची पाहणी दरडीनंतर करावयाची की आधी, हा प्रश्न अभियांत्रिकीइतकाच राज्यव्यवहाराचा आहे.

७. उपसंहार

१८८० च्या दरडीने तलावाच्या वरच्या टोकाशी आणून टाकलेल्या मातीवर पुढे विस्तीर्ण मैदान तयार झाले. ‘फ्लॅट्स’ या नावाने ते आज ओळखले जाते, आणि नैनादेवीचे नवे मंदिरही त्याच परिसरात आहे. तेथे खेळणाऱ्यांना आणि फिरावयास येणाऱ्यांना आपण कशावर उभे आहोत याची कल्पना बहुधा नसते. त्या घटनेचे अधिक खरे स्मारक मात्र डोंगरांवरून उतरणाऱ्या नाल्यांत आहे. पावसाळ्यापूर्वी त्यांतील गाळ उपसणारा नगरपालिकेचा कामगार त्या स्मारकाची राखण करीत असतो. त्याच्या कामाची नोंद इतिहासग्रंथांत होत नाही; ते ज्या वर्षी होत नाही, त्या वर्षीची नोंद मात्र उतारांवर उमटल्यावाचून राहत नाही.